हृदय न बदलता इलाज

‘हार्ट फेल झालं’ असं कुणी म्हटलं, की हृदय बंद पडलं असाच अर्थ आपण घेतो. प्रत्यक्षात हार्ट फेल्युअर म्हणजे हृदयाची रक्त पुढे ढकलण्याची ताकद कमी पडणं. मग पाय सुजतात, जिना चढताना धाप लागते, रात्री उशांची उंची वाढवावी लागते. औषधांनी भागेनासं झालं, की हृदयारोपणाचं नाव निघतं. पण दात्याचं हृदय वेळेवर मिळेलच असं नाही. म्हणूनच आहे तेच हृदय सावरण्याचे अनेक प्रयत्न झाले.

पाठीचा स्नायू हृदयाला

१९८५ मध्ये फ्रान्सच्या आलँ कार्पांतिए यांनी रुग्णाच्या पाठीचा रुंद स्नायू हृदयाभोवती गुंडाळला आणि पेसमेकरसारख्या यंत्राने तो ठोक्याबरोबर आकुंचन पावेल अशी व्यवस्था केली. १९९०च्या दशकात ब्राझीलच्या रांडास बतिस्ता यांनी फुगलेल्या डाव्या कप्प्याचा तुकडाच कापून काढला. कप्पा लहान झाला, की भिंतीवरचा ताण कमी होतो, हा त्यामागचा हिशेब. दोन्ही शस्त्रक्रिया गाजल्या. पण फायदा टिकेना, म्हणून मागे पडल्या.

बायपासचा फायदा किती?

हृदयाच्या रक्तवाहिन्या तुंबल्यामुळे ते अशक्त झालं असेल, तर बायपासचा विचार होतो. अशा १,२१२ रुग्णांची पाहणी ‘स्टिच’ या आंतरराष्ट्रीय अभ्यासात झाली. २०१६ मध्ये दहा वर्षांचा निष्कर्ष आला: केवळ औषधांवरचे ६६ टक्के रुग्ण दगावले, तर बायपास व औषधं घेतलेले ५९ टक्के. मात्र शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या महिन्यात धोका अधिक होता. फायदा पदरात पडायला वर्षं लागतात. त्यामुळे रुग्णाचं वय आणि इतर आजार पाहूनच निर्णय घ्यावा लागतो. मूळ दोष झडपेचा असेल, तर ती दुरुस्त करून किंवा बदलूनही हृदयाचा भार हलका होतो.

पंपाचा आधार

हृदयारोपण शक्य नसलेल्या १२९ रुग्णांवर अमेरिकेत अभ्यास झाला. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आकड्यांनुसार, डाव्या कप्प्याला जोडलेल्या पंपावरचे ५२ टक्के रुग्ण वर्षभर जगले; केवळ औषधांवरचे २५ टक्के. आजचे पंप लहान आणि अधिक टिकाऊ आहेत. ते रक्त अखंड वाहतं ठेवतात, त्यामुळे अनेकदा नाडी हाताला लागत नाही! पण पोटातून बाहेर येणारी वायर, कमरेची बॅटरी, रक्त पातळ ठेवणारी गोळी, जंतुसंसर्गाची व पक्षाघाताची भीती आणि मोठा खर्च हे सारं सोबत येतं.

म्हणून होकार देण्यापूर्वी घरच्यांनी डॉक्टरांना तीन प्रश्न जरूर विचारावेत: हृदय कशामुळे अशक्त झालं? औषधं पूर्ण मात्रेत देऊन पाहिली का? आणि शस्त्रक्रियेनंतर रोजचं जगणं कसं असेल?