यमक फक्त ओळीच्या शेवटी नसतं

रॅप म्हणजे ठेक्यावर भरभर बोलायचं आणि ओळीच्या शेवटी यमक जुळवायचं, हा समज सर्रास आढळतो. त्यात संगीत कुठे आहे, असंही विचारलं जातं.

ते मोजून दाखवता येतं. रॅपमध्ये बहुतेकदा चार मात्रांचं आवर्तन असतं. मिनिटाला 90 मात्रांची लय धरली, तर ते पावणेतीन सेकंदांच्या आत संपतं. प्रत्येक मात्रेचे चार भाग केले की अक्षरांसाठी सोळा जागा मिळतात, म्हणजे सेकंदाला सहा. कुठली भरायची, कुठली मोकळी सोडायची, हा सगळा तालाचाच विचार आहे.

यमकाबद्दलचा समज राकिमने मोडीत काढला. सॅक्सोफोन वाजवणारा, जॉन कोलट्रेनला मानणारा हा न्यूयॉर्कचा रॅपर. डीजे एरिक बी.सोबतच्या ‘पेड इन फुल’ या 1987च्या अल्बममध्ये त्याने यमकं ओळीच्या पोटात आणली आणि वाक्यं पुढच्या आवर्तनात नेली. ‘रात’ला ‘वात’ जुळवणं सोपं आहे. पण ‘पावसाळी रात’ आणि ‘काळजाची वात’ म्हणून पाहा. दोन्हींत आ-आ-ई-आ हेच स्वर त्याच क्रमाने येतात. व्यंजनं बरीचशी वेगळी असूनही कान जुळणी पकडतो. हीच जोडी समेवर न आणता दोन मात्रांच्या मधे आणली, की आघातच सरकतो. इथे यमक तालवाद्याचं काम करतं, आणि रॅपचं खरं कसब हेच.

मग ठेका जितका गुंतागुंतीचा, तितका चांगला? तसंही नाही. संशोधक मारिया विटेक आणि सहकाऱ्यांनी 2014 साली ड्रमचे तुकडे श्रोत्यांना ऐकवले. अगदी सरळ ठेक्यांपेक्षा आणि फार अनपेक्षित आघातांच्या ठेक्यांपेक्षा मधल्या ठेक्यांवरच नाचावंसं अधिक वाटलं.

यंत्राची अचूकता म्हणजे उत्तम ताल, हाही गैरसमजच. संशोधक होल्गर हेनिग आणि सहकाऱ्यांनी 2011 साली दाखवलं, की माणसाच्या वादनातल्या बारीक चुका विस्कळीत नसतात. एका ठोक्यातल्या फरकाचा माग पुढच्या अनेक ठोक्यांत सापडतो. श्रोत्यांनाही अशीच चूक निव्वळ यदृच्छेने घातलेल्या चुकीपेक्षा जास्त भावली.

डेट्रॉइटच्या जे डिला या हिप-हॉप निर्मात्याचे ठेके ऐकून मात्र अनेकांना वाटतं, की त्याने ठोके नेमक्या जागी बसवणारी यंत्राची सोय नुसती बंद ठेवली. डॅन चारनस यांनी ‘डिला टाइम’ या 2022च्या पुस्तकात हे खोडून काढलं. त्यांच्या मते डिला सरळ चाल आणि झोल्याची चाल (स्विंग) जाणूनबुजून एकाच वेळी वाजवत असे.