लेसरची ऊर्जा आणि ऑक्साइडांचे पातळ थर

चुनखडी भट्टीत तापविली की तिच्यातील कार्बन डाय-ऑक्साइड वायू निघून जातो आणि मागे चुनकळी उरते. कटनीच्या भट्ट्यांतून हेच घडत आले आहे. जबलपूरच्या राइट टाउनमधील एखाद्या जुन्या घराच्या भिंतीवरील चुनाही अशाच एखाद्या भट्टीतून आलेला असावयाचा. संयुगाला सावकाश उष्णता दिली असता त्यातील उडून जाणारा घटक प्रथम निसटतो व उरलेल्या पदार्थाची घटना पालटते. भट्टीवाल्याला नेमके हेच हवे असते. परंतु ज्याला तीन-चार धातूंच्या ऑक्साइडाचा, केसाच्या हजाराव्या हिश्श्याइतका पातळ थर मूळच्याच प्रमाणात हवा असतो, त्याच्या दृष्टीने ही हानी होय.

या अडचणीवर लेसरचा उपाय निघाला. निर्वात कक्षात ठेवलेल्या ऑक्साइडाच्या वडीवर लेसरचा अत्यल्पकालीन झोत सोडतात. हा झोत जेमतेम २० ते ३० अब्जांश सेकंद टिकतो. पण दर चौरस सेंटिमीटरला दोन जूल ऊर्जा एवढ्या अवधीत ओतली गेली, तर तिची शक्ती सुमारे आठ कोटी वॉट भरते. कोणता घटक आधी उडावा आणि कोणता मागाहून, याला सवडच राहत नाही. पृष्ठभागाचा पापुद्रा सर्व घटकांसह उसळतो, तेजस्वी पिसारा होऊन पुढे झेपावतो आणि समोरच्या तापविलेल्या स्फटिकावर बसतो.

स्मिथ व टर्नर यांनी १९६५ मध्ये माणिक-लेसरने असे थर बसविले होते. तथापि या पद्धतीचे खरे मोल १९८७ मध्ये कळले. त्या वर्षी अमेरिकेतील बेलकोर प्रयोगशाळेत टी. वेंकटेशन व त्यांचे सहकारी यांनी यिट्रियम, बेरियम व तांबे १ : २ : ३ या प्रमाणात असलेल्या अतिसंवाहक ऑक्साइडाचे थर तयार केले. पुढच्याच वर्षी त्यांना आढळले की पिसाऱ्यात दोन प्रवाह असतात. समोर सरळ जाणाऱ्या निमुळत्या प्रवाहाची घटना वडीशी जुळते. सर्वत्र पसरणारा दुसरा प्रवाह साध्या बाष्पीभवनाचा असतो आणि त्यात प्रमाण बिघडलेले असते. ऊर्जा कमी पडली की हा दुसरा प्रवाह वरचढ होतो, म्हणजे लेसरची पुन्हा भट्टीच होते!

यावरून ऊर्जा जितकी अधिक तितके बरे, असे मात्र समजू नये. ती फार वाढली तर वडीतून वितळलेले थेंब उडतात व थरावर गोट्यांसारखे चिकटतात. शिवाय वेगवान आयन नुकत्याच बसलेल्या अणूंना आपटून उखडतात. त्यात शिसे किंवा बिस्मथ यांसारखे सैल बसणारे घटक आधी जातात. स्ट्राँशियम टायटॅनेटच्या बाबतीत तर योग्य ऊर्जेचा पट्टा फारच अरुंद असतो. त्याच्या एका बाजूस एक धातू जादा होतो, दुसऱ्या बाजूस दुसरा. आणि दोन्हीकडे स्फटिकाची जाळी मूळ मापापेक्षा फुगते. क्ष-किरणांनी ही फुगवटी मोजून अभ्यासक आपला लेसर जुळवितात.

ऑक्सिजनची गोष्ट मात्र निराळी आहे. तो हलका असल्याने वाटेतच विखुरतो, आणि केवळ लेसरची ऊर्जा बदलून तो परत आणता येत नाही. पुणे विद्यापीठातील सतीशचंद्र ओगले व त्यांचे सहकारी यांनी १९८८ मध्ये लोहाच्या ऑक्साइडांचे व फेराइटांचे थर लेसरने बसविले. लोहाचे उदाहरण येथे फार बोलके आहे. दोन लोह-अणूंमागे तीन ऑक्सिजन असले तर तांबूस, क्षीण चुंबकी हेमटाइट. तीनामागे चार असले तर काळा, प्रबळ चुंबकी व विजेला बऱ्यापैकी वाट देणारा मॅग्नेटाइट. वडी हेमटाइटची असूनही निर्वातात थर मॅग्नेटाइटचा उतरू शकतो. म्हणून कक्षात ऑक्सिजन सोडावा लागतो. परंतु तो सोडताच पिसारा आखडतो, अणूंचा वेग मंदावतो, आणि लेसरची ऊर्जा व वडीपासूनचे अंतर पुन्हा नव्याने जुळवावे लागते.