सेकंदाचा बारा हजारावा भाग

खोपोली सोडून जुन्या मुंबई-पुणे रस्त्यानं बोरघाट चढायला लागलं, की शिंग्रोबाच्या देवळाच्या आसपास इंजिनाची सगळी लपवाछपवी संपते. कर्जत-चौक रस्त्यावर गुणी वाटलेली जुनी प्रीमियर पद्मिनी इथं बॉनेटखालून किणकिणू लागते. जाणता मेकॅनिक नुसतं ऐकून म्हणतो, ‘टायमिंग पुढं गेलंय,’ म्हणजे ठिणगी वेळेआधी पडतेय. त्याच्या कानानं टिपलेली ही चूक असते तरी केवढी?

कुर्ल्यात बनलेल्या आणि ऑक्टोबर 2023 पर्यंत मुंबईत टॅक्सी म्हणून धावलेल्या या गाडीचं इंजिन 1089 सीसीचं, चार सिलिंडरचं. मिनिटाला 2000 फेरे घेताना ते 4000 ठिणग्या पाडतं. तेव्हा क्रँकशाफ्टला एक अंश फिरायला सेकंदाचा बारा हजारावा भाग पुरतो. ठिणगी सहा अंश आधी पडली, तर चूक झाली सेकंदाच्या दोन हजाराव्या भागाची. घाट तेवढीही खपवून घेत नाही.

मिश्रण एकदम पेटत नाही. ज्वाला प्लगपासून पसरत जाते आणि दाब शिगेला पोचायला काही मिलिसेकंद लागतात. पिस्टन टॉपवरून खाली वळून क्रँक पंधराएक अंश फिरला असताना तो दाब मिळाला, तर जोर सर्वांत जास्त. म्हणून पिस्टन अजून वर येत असतानाच ठिणगी पाडावी लागते. पण किती आधी? 800 फेऱ्यांच्या आयडलिंगला क्रँक एका मिलिसेकंदात पाचेक अंश फिरतो, 2000 फेऱ्यांना बारा. आग काही त्या प्रमाणात घाई करत नाही, त्यामुळे फेरे वाढतील तशी ठिणगी आणखी आधी हवी. हे गणित डिस्ट्रिब्युटरच्या पोटातली दोन वजनं आणि दोन स्प्रिंगा करतात! जत्रेतल्या फिरत्या पाळण्यांसारखी ही वजनं वेगाबरोबर बाहेर फाकतात आणि ठिणगी पाडणारे पॉइंट उघडणारा कॅम पुढं सरकवतात. अमेरिकेत गाजलेल्या 1964 च्या पॉन्टियॅक जीटीओचं दांडगं व्ही-एट इंजिनही याच युक्तीवर चालायचं.

चढावर अ‍ॅक्सिलरेटर तळाला टेकलेला, फेरे कमी आणि सिलिंडर मिश्रणानं गच्च. अशात ठिणगी लवकर पडली, तर ज्वाला पोचण्याआधीच कडेचं मिश्रण आपोआप पेटतं. दाबाच्या लाटा 68 मिलिमीटर व्यासाच्या सिलिंडरमध्ये सेकंदाला हजारो वेळा इकडून तिकडं आदळतात. किणकिण ऐकू येते ती हीच. ठिणगी उशिरा पडत असेल तर आवाज येत नाही, पण पिकअप मरतो, पेट्रोल जास्त जातं आणि सायलेन्सरचा पाइप भाजून निघतो. इंजिन मात्र दोन्हीकडून तापतं, तेव्हा नुसता तापमानाचा काटा बघून निदान होत नाही.

तपासणीत आधी फीलर गेजनं पॉइंटची फट बघायची. फट वाढली की पॉइंट लवकर उघडतात आणि टायमिंग पुढं जातं. कॅमला घासणारा तुकडा झिजून फट कमी झाली की मागं पडतं. टायमिंग लावून मग फट बदलली तर सगळी मेहनत फुकट. त्यानंतर टायमिंग लाइटचा चिमटा एक नंबरच्या प्लगच्या तारेला लावायचा. प्रत्येक ठिणगीला दिवा लकाकतो आणि गरगर फिरणारी पुली जागीच थबकलेली दिसते, तिच्यावरची खूण वाचता येईल इतकी! रेस वाढवताच खूण सलग सरकायला हवी. हलली नाही, तर वजनं अडकलीत. थरथरली, तर डिस्ट्रिब्युटरचं बुश झिजल्याचा संशय घ्यायचा. डिस्ट्रिब्युटर फिरवायचा तोही अगदी किंचित. त्याचा शाफ्ट क्रँकच्या निम्म्या वेगानं फिरतो, म्हणून इथला एक अंश म्हणजे क्रँकचे दोन. जुन्या अमेरिकी व्ही-एटमध्ये पुलीची बाहेरची कडी रबरावर बसवलेली असते. ती घसरली की खूणच खोटं बोलते. मग पिस्टनचा खरा टॉप शोधण्यावाचून गत्यंतर नसतं.

शेवटची परीक्षा पुन्हा घाटात, आणि तीही खालच्या चढावर. माथ्यावरच्या खंडाळ्याला हवेचा दाब खोपोलीपेक्षा पाच-सहा टक्क्यांनी कमी असतो. सिलिंडरमध्ये मिश्रण थोडं कमी जातं आणि किणकिणही सौम्य होते. माथ्यावर गाडी गप्प झाली, एवढ्यावर टायमिंग बरोबर लागल्याचा निकाल देऊ नये.