दोन नद्यांमधल्या सड्यावरून

कोकणातलं लोटे सड्यावर वसलंय. उत्तरेला खेड आणि जगबुडी. दक्षिणेला परशुराम घाट उतरला की चिपळूण आणि वाशिष्ठी. पुराचं पाणी इतक्या उंचावर चढत नाही. पण दोन्ही नद्या फुगल्या की महामार्ग तुटतो आणि औद्योगिक वसाहतीतून पाळी संपवून निघालेल्या कामगाराला ना खेड गाठता येत, ना चिपळूण.

२६ जुलै २००५ म्हटलं की सांताक्रूझचे ९४४ मिलिमीटर आठवतात. त्याच दिवसांत महाड, खेड, चिपळूणही बुडाले होते. २०१९ च्या २ जुलैला भर पावसात चिपळूण तालुक्यातलं तिवरे धरण फुटलं. आणि मग २२ जुलै २०२१. चिपळूणच्या बाजारपेठेत दुकानं छतापर्यंत पाण्यात, लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिरातल्या पुस्तकांचा लगदा, खेड तालुक्यातल्या पोसरे गावात दरडीखाली सतरा जीव. त्या दिवशी महाबळेश्वरला २४ तासांत ५९४ मिलिमीटर पाऊस पडला. हवामान खातं २०४.५ मिलिमीटरच्या पुढे गेलं की अतिवृष्टीची सर्वांत वरची पायरी मानतं. हा आकडा त्याच्या जवळपास तिप्पट आहे.

२००५ काय नि २०२१ काय, मांडणी सारखीच होती. किनाऱ्याला समांतर हवेच्या कमी दाबाचा पट्टा, अरबी समुद्रावरून जोरदार पश्चिमी वारे, आणि पार तिकडे बंगालच्या उपसागरात कमी दाबाचं क्षेत्र. ओडिशाजवळची ती प्रणाली इकडचे वारे ओढून घेते, सह्याद्री त्यांना वर ढकलतो, आणि पाणी आपल्या डोक्यावर रितं होतं.

या प्रणाली बदलत आहेत. उपसागरातले मोठे, तीव्र डिप्रेशन गेल्या काही दशकांत कमी झाले. सौम्य पण रेंगाळणारी कमी दाबाची क्षेत्रं वाढली. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेतले रॉक्सी कोल आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये दाखवलं, की १९५० ते २०१५ दरम्यान मध्य भारताच्या पट्ट्यात विस्तृत अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या. कारण तापणारा अरबी समुद्र आणि त्यावरून मधूनच उसळणारे वारे. एकूण पावसाळी पाऊस मात्र त्या पट्ट्यात वाढलेला नाही. म्हणजे मधले दिवस कोरडे, आणि उरलेलं सगळं दोन रात्रींत.

पुरानंतर चिपळूण बचाव समितीने वाशिष्ठीतला गाळ काढावा म्हणून उपोषण केलं, ते योग्यच होतं. पण नुसता गाळ काढून भागणार नाही. २०२१ चा पूर गुरुपौर्णिमेच्या दोन दिवस आधी आला. खाडीला उधाण होतं, वरून येणारं पाणी समुद्रात जाईना. उपसागरातलं कमी दाबाचं क्षेत्र, किनाऱ्यावरचा पट्टा आणि पंचांगातली तिथी, या तिन्ही गोष्टी आधी कळतात. त्या जुळताना दिसल्या की दुपारीच बाजारपेठेतला माल वर चढला पाहिजे, आणि लोट्यातल्या कारखान्यांनी रात्रपाळीला लोकांना बोलवायचं की नाही, ते त्याच वेळी ठरलं पाहिजे.