साध्या इंजिनला टर्बो बसवला की पॉवर वाढते, मग टोयोटाने ८६ ला तो का नाही दिला?

रील्स स्क्रोल करताना असा एखादा व्हिडिओ तुम्हालाही दिसला असेल. गॅरेजमध्ये उभी असलेली टोयोटा ८६, उघडं बॉनेट आणि आत चकचकीत नवा टर्बो. पुढच्या क्लिपमध्ये गिअर बदलताना 'पश्श्श' असा आवाज येतो आणि खाली कमेंट पडते, "कंपनीने हे आधीच का नाही केलं?"

प्रश्न अगदी रास्त आहे. २०१२ मध्ये ही गाडी आली तेव्हापासून तिचे चाहते हेच विचारत होते. टोयोटा आणि सुबारूने मिळून बनवलेली ही स्पोर्ट्स कार. वजन साधारण साडेबाराशे किलो, दोन लिटरचं चार सिलिंडरचं इंजिन आणि २०० अश्वशक्ती. चालवायला भन्नाट, पण ३,५०० ते ४,५०० आरपीएमच्या दरम्यान गाडीचा जोर मध्येच ओसरतो. म्हणून अनेकांनी बाहेरून टर्बो बसवून घेतला. काहींचं जमलं, काहींचं इंजिन फुटलं. नेमकं काय होतं ते समजून घेऊ.

टर्बो करतो काय?

साधं इंजिन म्हणजे नॅचरली अॅस्पिरेटेड इंजिन. पिस्टन खाली गेला की बाहेरची हवा आपसूक आत येते. म्हणजे हवा किती मिळणार, हे वातावरणाच्या दाबावर ठरतं. हा दाब समुद्रसपाटीला साधारण १ बार असतो.

स्वित्झर्लंडचे इंजिनिअर आल्फ्रेड ब्यूकी यांनी १९०५ मध्ये एका कल्पनेचं पेटंट घेतलं. सायलेन्सरमधून वाया जाणाऱ्या गरम धुराने एक चक्र फिरवायचं, त्याच दांड्यावर दुसरं चक्र बसवायचं आणि त्याने इंजिनात जास्तीची हवा कोंबायची. लोहाराचा भाता जसा भट्टीला हवा देतो, तसंच. फरक इतकाच की हा भाता मिनिटाला एक लाखाहून जास्त वेळा फिरतो.

जास्त हवा आली की जास्त पेट्रोल जाळता येतं. अर्धा बार बूस्ट दिला तर कागदावर दीडपट हवा, म्हणजे २०० चे ३०० घोडे. प्रत्यक्षात आकडा कमी येतो, कारण इथेच खरी गडबड सुरू होते.

घोडं अडतं कुठे?

सायकलमध्ये हवा भरताना पंप गरम होतो, हे तुम्ही अनुभवलं असेल. हवा दाबली की ती तापते. टर्बो ती एकदा दाबतो आणि सिलिंडरमध्ये पिस्टन पुन्हा दाबतो.

पिस्टन किती दाबतो, त्याला म्हणतात कम्प्रेशन रेशो. टोयोटा ८६ मध्ये तो १२.५ ला १ आहे, म्हणजे बराच जास्त. टर्बो नसताना एवढ्याशा इंजिनातून २०० घोडे काढायचे तर तो लागतोच. पण त्यावर टर्बोची तापलेली हवा आली, तर स्पार्क प्लगने पेटवल्यावर उरलेलं मिश्रण आपल्या आपण भडकू शकतं. याला नॉकिंग म्हणतात. सिलिंडरमध्ये हातोडा मारल्यासारखे धक्के बसतात आणि पिस्टनला भोकही पडू शकतं.

आता गंमत बघा. याच घराण्यातलं दोन लिटरचं इंजिन सुबारूने टर्बो लावून डब्ल्यूआरएक्स या गाडीत दिलं. अमेरिकेत त्याची ताकद २६८ अश्वशक्ती होती. पण तिथे कम्प्रेशन रेशो होता १०.६ ला १. म्हणजे ज्या कंपनीने इंजिन बनवलं, तिनेही टर्बो लावण्याआधी आतली रचना बदलली.

१९६२ मध्येच मिळालेला धडा

टर्बो घेऊन बाजारात आलेल्या सुरुवातीच्या कारपैकी एक होती अमेरिकेतली ऑल्ड्समोबिल जेटफायर. साल १९६२. कंपनीने कम्प्रेशन रेशो १०.२५ ला १ असा चढाच ठेवला. मग नॉकिंग कसं थांबवायचं? पाणी आणि मिथेनॉलचं मिश्रण इंजिनात फवारायचं. त्याला नाव दिलं 'टर्बो रॉकेट फ्लुइड'.

ही टाकी मालकाने स्वतः भरायची होती. बरेच जण ती विसरायचे. टाकी रिकामी झाली की यंत्रणा बूस्ट रोखायची आणि लोकांना वाटायचं गाडीच बिघडली. दोन वर्षांत मॉडेल बंद झालं आणि पुढे अनेक गाड्यांचे टर्बो काढून तिथे साधे कार्ब्युरेटर बसवले गेले.

मग टर्बो किट लावणारे काय करतात?

फक्त टर्बो बसवून भागत नाही, त्यासोबत मोठी वरात येते.

• इंटरकूलर : टर्बोमधून आलेली तापलेली हवा इंजिनात जाण्याआधी थंड करायला.
• इंधन : हवा वाढली तर पेट्रोलही वाढायला हवं. ते कमी पडलं तर तापमान भडकतं. त्यासाठी मोठे इंजेक्टर आणि गरज पडली तर नवा पंप.
• ईसीयू ट्यूनिंग : स्पार्क कधी द्यायचा, पेट्रोल किती सोडायचं, हे सगळं नव्याने ठरवावं लागतं. हे काम डायनोवर गाडी चालवून, जाणकार माणसानेच करायचं.
• ऑइल : टर्बोचं बेअरिंग इंजिन ऑइलवरच चालतं. ऑइल तापतं, म्हणून ऑइल कूलर आणि लवकर लवकर सर्व्हिसिंग.
• क्लच आणि ब्रेक : वाढलेला जोर पेलायला आणि वाढलेला वेग थांबवायला.

किटचाच खर्च हजारो डॉलरमध्ये जातो. एवढं करूनही ८६ चे बहुतेक ट्यूनर मूळ इंजिनवर ३०० घोड्यांच्या आसपास हात आखडता घेतात. त्यापुढे पिस्टनला क्रँकशाफ्टशी जोडणारे कनेक्टिंग रॉड वाकण्याची भीती असते. मग इंजिन उघडून आतले पार्ट बदलणं आलं.

ज्यांची इंजिनं फुटतात त्यांच्यातले बरेच जण टर्बो चांगला घेतात आणि ट्यूनिंगमध्ये पैसे वाचवतात. पैसे वाचवायची ही जागाच नाही.

टोयोटाने शेवटी काय केलं?

२०२१ मध्ये जीआर ८६ आली. चाहते टर्बोची वाट बघत होते, कंपनीने इंजिनच २.४ लिटरचं केलं. कम्प्रेशन रेशो तोच, १२.५ ला १. ताकद सुमारे २३० अश्वशक्ती. आणि जास्तीत जास्त टॉर्क, जो आधी ६,४०० आरपीएमच्या पुढे मिळायचा, तो आता ३,७०० लाच मिळू लागला. जोर ओसरण्याची तक्रार मिटली आणि पाय दाबताक्षणी मिळणारा प्रतिसादही टिकला. टर्बोमध्ये चक्राने वेग घेईपर्यंत जो क्षणभर थांबावं लागतं, ती भानगडच नाही.

आपल्याकडे हे करता येतं का?

मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ सांगतं की, नोंदणीत लिहिलेल्या कंपनीच्या मूळ तपशिलाशी जुळणार नाही असा बदल गाडीत करता येत नाही. २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानेही हेच स्पष्ट केलं. वॉरंटी जाते आणि अपघात झाला तर विम्याचा क्लेमही अडकू शकतो.

त्यामुळे टर्बोची हौस असेल तर शोरूममधूनच टर्बो पेट्रोल गाडी घ्या. तिचे पिस्टन, रॉड आणि कूलिंग टर्बो गृहीत धरूनच बनवलेलं असतं. रीलमध्ये 'पश्श्श' ऐकू येतं, पण त्यामागे इंजिनात काय काय बदललंय, ते पंधरा सेकंदांत दिसत नाही.