डागावरचा पांढरा केस काय सांगतो?

कोडाच्या डागावरचे केस काळे आहेत की पांढरे, हे त्वचारोगतज्ज्ञ भिंगातून बारकाईने पाहतात. उपचाराचा बराचसा अंदाज तिथेच बांधला जातो.

त्वचेला आणि केसाला रंग देणारं मेलॅनिन मेलॅनोसाइट पेशी तयार करतात. कोडात शरीराची प्रतिकारशक्ती याच पेशींवर हल्ला करते. आधी त्वचेतल्या पेशी जातात, केसाच्या मुळाशी असलेला साठा मात्र पुष्कळदा वाचतो. अतिनील किरणांचे उपचार सुरू झाले की या साठ्यातल्या पेशी वर सरकतात आणि केसाभोवती तपकिरी ठिपके उमटू लागतात. पण डागावरचे केसच पांढरे झाले असतील, तर साठा बहुधा संपलेला असतो. मग औषधांचा गुण कमी येतो आणि आजार स्थिर असल्यास निरोगी त्वचेतल्या पेशींचं रोपण करावं लागतं.

वयानुसार पिकणारे केस ही वेगळी गोष्ट. ते कोडाचं लक्षण नव्हे.

कोड संसर्गजन्य नाही आणि त्याचा कुष्ठरोगाशी संबंध नाही. तरीही गैरसमजामुळे कोड असलेल्यांची लग्नं अडतातच. पुण्यात डॉ. माया तुळपुळे यांनी स्वतःला कोड असताना ‘श्वेता असोसिएशन’ हा स्वमदत गट उभा केला. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या ‘नितळ’ या चित्रपटाची नायिकाही कोड असलेली डॉक्टर आहे. देविका दफ्तरदार यांनी ती साकारली.

अहिल्यानगर जिल्ह्यातल्या रुग्णांना तपासणीसाठी लोणीच्या प्रवरा रुग्णालयातला त्वचारोग विभाग जवळ आहे. डाग नवा असतानाच, केस काळे असतानाच तिथे जावं.