काळ्या रानातले तळघर

एप्रिल महिना, बारामतीत पारा चाळिशीला टेकलेला, पाऊस केव्हाच विसरलेला. तरीही नव्या बंगल्याच्या तळघरातली भिंत गुडघाभर उंचीपर्यंत ओली. रंगाचे पापुद्रे सुटलेले आणि त्यांच्याखाली पांढरी भुकटी. नखाने खरवडली तर कापसासारखी हलकी, जिभेला लावली तर खारट-कडवट. अशा वेळी घरमालक आधी प्लंबरला बोलावतो, मग रंगाऱ्याला. खरे तर बोलवावे भूगोलाच्या मास्तरांना.

गाव पांढरीत आणि शेती काळीत, ही आपल्याकडची जुनी वाटणी. घरे उंचवट्यावर पांढऱ्या मातीत असत. धान्याचे पेव खणायचे तेही कोरड्या, निचऱ्याच्या जागी. ज्वारी ओतण्याआधी पेवाच्या तळाला आणि कडांना कडब्याचा किंवा भुश्याचा जाड थर देत. मातीच्या बारीक छिद्रांतून वर चढणारी ओल कडब्याच्या मोठ्या पोकळ्यांशी येऊन थांबायची. आता बारामती आणि इंदापूर वाढतात ते पुष्कळदा बिगरशेती (एनए) झालेल्या बागायती रानांवर, म्हणजे काळीत. त्यातच दुकानाच्या मालासाठी, पार्किंगसाठी किंवा होम थिएटरसाठी दहा फूट खाली जायचे. पेव खणणाऱ्याने ही जागा पाहताच मान हलवली असती.

शिवाय जवळून कालवा वाहतो. १८७६-७७च्या दुष्काळानंतर हाती घेतलेला नीरा डावा कालवा १८८५मध्ये सुरू झाला. पाणी आले, ऊस आला आणि पाठोपाठ जमिनीखालची पाणीपातळीही वर आली. पाणी वर येताना मातीतले क्षार घेऊन आले. १९१०मध्ये हॅरॉल्ड मान आणि व्ही. ए. ताम्हणे यांनी नीरा खोऱ्यातल्या खारवट जमिनींवर स्वतंत्र पुस्तिकाच प्रसिद्ध केली. म्हणजे कालव्याला पंचवीस वर्षे होईतो चोपण, म्हणजे अशी खारवटलेली जमीन, हा शास्त्रज्ञांच्या अभ्यासाचा विषय झाला होता. पुढे कालव्याच्या अस्तरीकरणाची गोष्ट निघाली, तेव्हा शेतकऱ्यांनी विरोध केला तो विहिरींचा पाझर आटेल म्हणून. त्यांचे म्हणणे रास्तच होते. मात्र विहीर भरणारा पाझर वाटेतले तळघर चुकवून जात नाही.

हे पाणी भिंतीत चढते ते केशाकर्षणाने. ०.०२ मिलिमीटर व्यासाच्या नळीत पाणी स्वतःहून दीड मीटर वर जाते. विटेत, सिमेंटच्या मसाल्यात आणि चिकण मातीत अशा नळ्यांचे जाळेच असते. पृष्ठभागावरून पाणी उडून जाते, म्हणून ओल साधारण मीटरभर उंचीवर थांबते. पाणी उडाले तरी क्षार मागे राहतात. रंगाखालची ती पांढरी भुकटी म्हणजे हेच क्षार, हाच तो लोणा.

आपल्याकडच्या लोण्यातला सोडियम सल्फेट मोठा खोडकर. ३२.४ अंश सेल्सिअसच्या वर त्याचे स्फटिक कोरडे असतात. तापमान त्याखाली उतरले आणि ओल मिळाली, की प्रत्येक रेणू पाण्याचे दहा रेणू सामावून घेतो आणि स्फटिकाचे आकारमान तिपटीहून जास्त होते. बारामतीच्या उन्हाळ्यात दुपार या आकड्याच्या वर असते आणि पहाट खाली, त्यामुळे जोत्याच्या बाहेरच्या अंगाला हा खेळ रोज चालतो. तळघराच्या आत तापमान फारसे हलत नाही. तिथे ओल येणे आणि सुकणे एवढ्यानेच गिलावा फुटतो. आतून मारलेले वॉटरप्रूफ रंग म्हणूनच माझ्या मते पैशाचा चुराडा आहेत. रंगाने पाणी अडत नाही, फक्त क्षार रंगाच्या मागे साचतात आणि पुढच्या वर्षी गिलाव्यासकट तो खाली उतरवतात.

साधे मीठ आणखी वेगळेच वागते. हवेची सापेक्ष आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली, की ते हवेतले पाणी ओढून विरघळते. त्यामुळे पावसाळ्यात लोणा लागलेली भिंत कुठलीही गळती नसताना ओली दिसते.

म्हणजे पाणी दोन वाटांनी येते, जमिनीतून आणि हवेतून. हवेची वाट आपण बहुधा स्वतःच उघडून देतो. ऑगस्टमध्ये तळघरात कुबट वास आला की खिडक्या उघडायच्या, हा आपला नेम. बाहेर ३० अंश आणि ७० टक्के आर्द्रता धरली, तर एक घनमीटर हवेत सुमारे २१ ग्रॅम वाफ असते. ती हवा २५ अंशांच्या तळघरात शिरून थंड झाली, की तिचीच आर्द्रता नव्वद टक्क्यांच्या वर जाते. भिंतीवर थेंब दिसणार नाही, पण बुरशीला थेंब लागतही नाही. ८० टक्क्यांच्या आसपास तिचे भागते. उलट मे महिन्यात ४० अंश आणि २० टक्के आर्द्रतेची बाहेरची हवा आत आली, तर आर्द्रता चाळिशीतच राहते. तेव्हा खिडक्या मे महिन्यात सताड उघडाव्यात आणि श्रावणात भर दुपारी बंद ठेवाव्यात.

कुठली वाट चालू आहे ते ओळखायला हातभर प्लास्टिकचा कागद पुरतो. तो भिंतीला चारही कडांनी चिकटपट्टीने घट्ट लावून दोन दिवस ठेवावा. भिंतीकडच्या बाजूला दव धरले तर पाणी जमिनीचे, खोलीकडच्या बाजूला धरले तर हवेचे. डीह्युमिडिफायर असेल तर त्याची बादलीही हेच सांगते. वीस फूट लांब, वीस फूट रुंद आणि नऊ फूट उंच खोलीतली आर्द्रता ९२ टक्क्यांवरून ६० टक्क्यांवर आणायला हवेतून पाऊण लिटर पाणी काढले की झाले. खिडक्या-दारे बंद असताना बादली रोज चार-पाच लिटर भरत असेल, तर ते यंत्र तुमची हवा नव्हे, शेजारचे रान सुकवत आहे.

जमिनीच्या पाण्याला जोर असतो. फरशीच्या वर दीड मीटर पाणीपातळी असली, तर दहा फूट चौरस खोलीच्या तळाला खालून सुमारे चौदा टनांचा रेटा बसतो, आणि सहा इंचांच्या काँक्रीटचे वजन असते जेमतेम सव्वातीन टन. अशा पाण्याला अडवण्यापेक्षा वाट करून देणे शहाणपणाचे. बांधतानाच भिंतीला बाहेरून जलरोधक पडदा द्यावा, पायाशी खडीत छिद्रांचा पाइप टाकावा आणि तो उतार देऊन संपमध्ये, म्हणजे पाणी गोळा करण्याच्या खड्ड्यात, न्यावा. खणलेली काळी माती पुन्हा भिंतीशी भरू नये. ती ओली झाली की फुगते, सुकली की भेगाळते, आणि त्या भेगांतून पहिला पाऊस थेट पायाशी उतरतो. तिथे निचऱ्याचा मुरूम भरावा. छताचे पाणी आणि बागेचे ठिबक भिंतीपासून लांब न्यावे, हे सांगायला नको, पण सर्रास राहून जाते.

तळघर आधीच बांधून झाले असेल, तर आतल्या कडेने चर, संप आणि आपोआप चालू होणारा पंप एवढाच मार्ग उरतो. पंप कुठल्या दिवसांत जास्त चालतो ते वहीत लिहावे. कालव्याचे आवर्तन सुटल्यावर काही दिवसांनी तो वाढत असेल, तर पाणी कुठले ते कळलेच. पंपाचे पाणी दारासमोरच्या कच्च्या गटारात सोडले तर ते मुरून परत तळघरातच येते. ते झाडांना घालायचे असेल, तर बाटलीभर नमुना आधी माती-पाणी परीक्षण प्रयोगशाळेत द्यावा. क्षार जास्त निघाले तर ते कुंड्यांना घालू नये.